छत्तीस पानं

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी पासपोर्टची कोरी पानं तपासली.
छत्तीस पानं, एकेक उजेडाकडे धरायचं,
कागदाच्या पोटातले सिंह जागेवर आहेत ना बघायचं.
शीट बिघडलीच, तर तीही मोजून, सही करून,
दोघांच्या देखत भट्टीत.
आमच्यात वाया गेलेल्याचाही हिशेब लागतो.

माझा स्वतःचा पासपोर्ट नाही.
सिन्नर फाट्यापलीकडे माझं कधी कामच निघालं नाही.

लेकीचा निघाला.
संघमित्रा पगारे, जेलरोड ते व्हर्मांट, विषय इतिहास.
रविवारी रात्री फोन. तिच्याकडे सकाळ, मागे बर्फ.
ती शिकते ते मला सांगते, मी ताटातली भाकर मोडत ऐकतो.

सतराशे अठ्ठ्याण्णव, बाबा.
(आपल्याकडे पेशवाईला घरघर लागली होती तेव्हा.)
नवा कोरा देश, बावीस वर्षांचं पोर,
समुद्रावर फ्रान्सशी खडाखडी,
आणि सरकारला दचकून जाग यायची रात्री.
म्हणून चार कायदे केले.
परका माणूस धोक्याचा वाटला तर अध्यक्षानं हाकलावा.
वाटला तर. पुरावा नको, खटला नको.
नागरिक व्हायला पाच वर्षं पुरायची, ती चौदा केली.
आणि सरकारविरुद्ध वेडंवाकडं छापलं की तुरुंग.

राजद्रोह, मी म्हटलं.
तोच शब्द, बाबा.
तो मला मराठीतच आधी भेटलेला.
आमच्या खिडकीतून जेलची भिंत दिसते,
तासाचे टोल ऐकून आम्ही कुकर बंद करतो.

मग तिनं दारुड्याची गोष्ट सांगितली.
गावातून अध्यक्षाची स्वारी गेली, तोफा सुटल्या,
आणि गुत्त्याच्या दारात एकजण म्हणाला,
गोळा त्याच्या बुडात बसला तरी माझी हरकत नाही.
झाला खटला. भरला दंड.
मी इतका हसलो की ठसका लागला.
आमच्या कँटीनला बाळू निरभवणे रोज
याहून वाईट बोलायचा, आणि पुन्हा चहा मागायचा.

एका खासदाराला तर लिहिल्याबद्दल आत टाकलं,
मूळचा आयर्लंडचा, परक्या मातीतला.
लोकांनी त्याला तुरुंगातूनच निवडून दिलं.
तुझ्याच गावाकडचा का गं?
हो, इथलाच.

दोन राज्यांनी ठराव केले:
केंद्रानं पायरी ओलांडली, हे आम्ही मानत नाही.
बाकीची म्हणाली, मानायचं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार?
हे मला लगेच कळलं.
दर ऑक्टोबरला गंगापूर धरणावर हेच चालतं.
पाणी आमचं म्हणणारे वर, आमचंही म्हणणारे खाली,
जायकवाडीला सोडायचं ते आदेशानं,
आणि गोदावरीला कोणी विचारत नाही.

पुढं काय झालं त्या कायद्यांचं?
दोन मुदत संपून मेले.
चौदाची पुन्हा पाच झाली.
आणि चौथा?
चौथा आहे अजून, ती म्हणाली,
आणि भाजीला काय केलंय म्हणून विचारलं.

मी गवार सांगितली.
मग म्हटलं, अगं, तुमचा तो आत्ताचा...
बाबा.
एवढंच. बाबा.
मग हळू आवाजात,
व्हिसा जूनमध्ये नवा करायचाय.
ग्रुपवर माझं नाव घालून काही लिहू नका.

मी विषय बदलला. बाळूचं एक वाक्य सांगितलं,
साहेबाच्या खुर्चीबद्दलचं, इथं लिहिण्यासारखं नाही.
ती खदखदून हसली,
लहानपणी हसायची तशी, डोळे मिटून.
आणि हसता हसता
तिनं मान वळवून मागं पाहिलं.

स्वतःच्या खोलीत.
मागं फक्त खिडकी होती, बर्फ होता.

फोन ठेवल्यावर मी हात धुतले,
दिव्याखाली रुमाल धरला,
जुनी सवय,
आरपार बघत राहिलो.
बाहेर अकराचे टोल पडले.
मीही मागं वळून पाहिलं.